बॅगा दाराबाहेर, तुम्ही डेकवर

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून जानेवारीत मुंबईहून क्रूझनं कोची, लक्षद्वीप करून परत मुंबई अशी सहल ठरवली आहे. मी, मिस्टर, सासूबाई (वय ७२), कॉलेजात असलेली मुलगी आणि सातवीतला मुलगा. शेवटचा अख्खा दिवस जहाज समुद्रातच असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुंबईला लागतं. त्या एका दिवसावरून घरात आत्तापासून वाद सुरू आहेत. मिस्टर म्हणतात, एवढे पैसे भरलेत तर राहिलेलं सगळं त्या दिवशी वसूल करायचं, आणि तेही सगळ्यांनी मिळून. मुलीला स्विमिंग पूल सोडायचा नाही, मुलाला गेम्स. सासूबाई म्हणतात, मला कुठंतरी शांत बसवा आणि अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या आत घरी पोचवा. पाच जणांच्या बॅगा अर्थात मीच भरणार. केरळच्या ट्रिपला शेवटचा दिवस माझा हॉटेलच्या खोलीतच गेला होता. परतीचं तिकीट कोयना एक्स्प्रेसचं काढलंय. तर शेवटच्या दिवसाचं कसं करावं? जहाजावर बिलाचं काय असतं? आणि सासूबाईंना उतरताना त्रास होईल का?

– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर:

वहिनी, तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण केरळचं वाक्य जे सहज लिहून गेलात ना, मी उत्तराला तिथूनच हात घालते. पाच जणांच्या बॅगा तुम्ही एकटीनं भरायच्या नाहीत. जहाजावरच्या शेवटच्या दिवसाची निम्मी गडबड बॅगांचीच असते, त्यामुळं हे आधी घरातच ठरवून टाका. तिथं जाऊन ठरवू म्हणालात तर तुम्ही केबिनमध्ये आणि बाकीचे डेकवर, हे मी आत्ताच लिहून देते.

जहाजाची पद्धत हॉटेलसारखी नसते. शेवटच्या दिवशी तुमच्या केबिनमध्ये रंगीत किंवा नंबर छापलेले टॅग येऊन पडतात. ते मोठ्या बॅगांना लावायचे आणि रात्री ठरलेल्या वेळेच्या आत, बहुतेक जहाजांवर दहा-अकरापर्यंत, बॅगा दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवून द्यायच्या. जहाजाची माणसं रात्रीतून त्या गोळा करतात आणि सकाळी धक्क्यावरच्या टर्मिनलमध्ये टॅगप्रमाणे मांडून ठेवतात. तुम्ही मोकळ्या हातानं उतरायचं आणि तिथं आपली बॅग ओळखून घ्यायची. एवढा खटाटोप कशासाठी, तर हजार-दोन हजार माणसं एकाच वेळी बॅगा ओढत लिफ्टपुढं आली तर नवरात्रात भवानी मंडपात होते तीच गत होईल. ज्यांना आपापली बॅग उचलून उतरायचं असतं त्यांना तशी मुभा असते, आणि बऱ्याचदा त्यांना आधी सोडतातही. मिस्टर म्हणतील, आपणच उचलू की, लवकर सुटू. सासूबाई बरोबर असताना तो नाद करू नका.

तर बॅगा भरायच्या त्या सकाळच्या नाश्त्यानंतर. तासाभराचं काम आहे. संध्याकाळवर ढकललं की मध्ये शो येतो, जेवण येतं, मुलं सापडत नाहीत, आणि रात्री दहाला सगळ्यांचे कपडे पलंगावर घेऊन कोण बसणार ते तुम्हाला माहीत आहे. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवलेल्या असतील, त्या काढा आणि ज्याची त्यानं भरायची. मुलीनं स्वतःची आणि आजीची. मिस्टरांनी स्वतःची, टॅग लावणं, बॅगा मोजणं आणि रात्री दाराबाहेर ठेवणं हेही त्यांच्याकडं. सातवीतल्या मुलाला स्वतःचे कपडे बॅगेत कोंबता येतात. घड्या नीट होणार नाहीत. नकोच व्हायला, घरी गेल्यावर ते सगळे धुवायलाच पडणार आहेत. तुम्ही फक्त तुमची भरायची आणि दुसऱ्याच्या केबिनमध्ये डोकावायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, मला कल्पना आहे.

आता हातातल्या पिशवीचं. मोठी बॅग एकदा दाराबाहेर गेली की सकाळपर्यंत तुमच्या हाती लागत नाही. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, सगळ्यांची ओळखपत्रं, दागिने, घराच्या किल्ल्या, चार्जर, दात घासायचं सामान आणि सकाळी अंगावर घालायचे कपडे हे सगळं हातातल्या पिशवीत राहिलं पाहिजे. जहाजांवर एक किस्सा हमखास ऐकायला मिळतो: उत्साहाच्या भरात एका गृहस्थानं सगळ्या पँट बॅगेत भरून रात्री बाहेर ठेवल्या आणि सकाळी नाइट ड्रेसमध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरला. मला तो अजिबात खोटा वाटत नाही. केबिनमध्ये छोटी तिजोरी असते, ती रात्रीच रिकामी करून दार उघडंच टाका, म्हणजे सकाळी शंका नको. आणि मिस्टर कोल्हापुरी चपला घालून जहाजावर जाणार असतील, जाणारच म्हणा, तर त्या ओल्या डेकवर नकोत. चामड्याचा तळवा ओल्यात घसरतो आणि खारं पाणी चामड्याचं वाटोळं करतं. डेकसाठी रबरी स्लिपर वेगळी न्या.

बिलाचं काम मी तुमच्यावर टाकणारच नाही. ते मिस्टरांचं. जहाजावर चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. खोलीची किल्ली तेच आणि पाकीटही तेच. सरबत, कॉफी, वायफाय, फोटो, गेम्स, स्पा, पॅकेजमध्ये नसलेलं जे काही घ्याल ते त्या कार्डावर चढतं आणि शेवटी एकत्र बिल होतं. पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, म्हणून सातवीतल्या मुलाच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का, ते पहिल्याच दिवशी रिसेप्शनला विचारा. शेवटच्या दिवशी सकाळी आत्तापर्यंतचं बिल मागून घ्यायचं आणि एकेक ओळ वाचायची. फ्रिजमधली न घेतलेली पाण्याची बाटली, दोनदा लागलेला फोटो, असलं काही असेल तर ते त्याच वेळी निस्तरायचं. रिसेप्शनपुढं खरी रांग लागते ती रात्री जेवणानंतर आणि सकाळी उतरायच्या आधी. बाकीचे पूलवर किंवा जेवायला गेलेले असतात तेव्हा तिथं कुणी नसतं. चढताना रोख अनामत भरली असेल तर उरलेले पैसे आठवणीनं परत घ्यायचे. कार्ड दिलं असेल तर ते क्रेडिट कार्ड असलेलं बरं, कारण डेबिट कार्डावर रक्कम रोखून ठेवतात ती सुटायला कधीकधी बरेच दिवस जातात आणि तोवर तुमच्याच खात्यातले पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत.

फोटोंचं एक सांगते. जहाजाचा फोटोग्राफर पाच दिवस तुमच्या मागं फिरतो आणि शेवटच्या दिवशी सगळे फोटो भिंतीवर लावतो. घरातल्या पाचही जणांचा, सासूबाई हसताहेत असा एखादा मिळाला तर घ्या, बाकी सगळे सोडा. तुमच्या मोबाइलमध्ये त्याहून चांगले असतील.

आता ‘वसूल’. मिस्टरांची बाजू मला कळते. कोल्हापूरकर माणूस पैसे भरून ताटात काही टाकत नाही. पण एवढ्या दिवसांत जे केलं नाही, ते बहुतेक वेळा आपल्याला करायचंच नव्हतं. शेवटच्या दिवशी ते उरकायला निघालं की दर तासाला वेगळ्या मजल्यावर, पाच जणांचा घोळका, त्यात एकाला भूक, एकाला बाथरूम, एकीचे गुडघे. सहल त्याच दिवशी बिघडते. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं कार्यक्रमपत्रक मिळतं किंवा टीव्हीवर लागतं. त्यातलं प्रत्येकानं एकच काहीतरी निवडायचं आणि ज्याचं त्यानं जाऊन करायचं. मिस्टरांना तीन हवी असतील तर त्यांनी तीन करावीत, पण एकट्यानं. एवढ्या मोठ्या जहाजावरही कोणी हरवत नाही, फक्त भेटायची जागा आणि वेळ ठरवून ठेवा. एकत्र यायचं ते रात्रीच्या जेवणाला. त्या जेवणाला मात्र सगळे हवेत, आणि त्यासाठी चांगले कपडे आधीच बाजूला काढलेले हवेत.

मुलीला पूल दुपारी बारापर्यंतच. हा नियम जहाजाचा नाही, माझा. ओले स्विमिंग कॉश्च्यूम आणि टॉवेल रात्रीपर्यंत वाळले नाहीत तर तेच बॅगेतून कोल्हापूरपर्यंत येतात आणि बॅग उघडली की कळतं. दुकानांत शेवटच्या दिवशी टी-शर्ट, घड्याळं, पर्स यांचे सेल लागतात. बघायला जा. काही घ्यायचंच असेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या आत घ्या, कारण जहाज बंदराजवळ आलं की दुकानांना आणि कॅसिनोला कुलूप लागतं.

आणि दुपारी दोन ते पाच हे तीन तास तुमचे. तुमच्या पत्रात सगळ्यांना काय हवंय ते आहे, तुम्हाला काय हवंय ते मात्र कुठंच नाही, म्हणून मीच सुचवते. सावलीतली एक खुर्ची धरा आणि बसा. फोन फ्लाइट मोडवर. तसाही तो फ्लाइट मोडवरच ठेवायचा असतो, कारण समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंग भयंकर महाग पडतं. कोल्हापुरात पाणी म्हणजे रंकाळा आणि पंचगंगा, पलीकडचा काठ कायम दिसणारं. इथं चारी बाजूंना काठच नसतो आणि त्याची सवय व्हायला थोडा वेळ शांत बसावं लागतं. पाण्यावरून झपकन उडत जाणारे लहान मासे दिसले तर ते उडते मासेच, भास नाही. वारा गार असला तरी ऊन कडक असतं. वाऱ्यामुळं चटका कळत नाही आणि संध्याकाळी नाक लाल होतं, तेव्हा सनस्क्रीन किंवा ओढणी काहीतरी असू द्या. पाचच्या आत कुणी ‘आई, माझा चार्जर कुठाय’ विचारायला आलं तर पुस्तकातून मान वर करायची नाही.

सासूबाईंसाठी एक खास जागा सांगते. लक्षद्वीपहून मुंबईकडं येताना जहाजाचं तोंड साधारण उत्तरेला असतं. म्हणजे मावळती डाव्या हाताला. संध्याकाळी पावणेसहाला त्यांना डाव्या बाजूच्या डेकवर, कठड्यापासून जरा आत, वारा कमी लागेल अशा जागी बसवा आणि शाल द्या. जहाजाच्या पुढच्या टोकाला नको, तिथं वारा अंगावर येतो आणि हेलकावेही जास्त जाणवतात. किरणोत्सवाला सासूबाई अंबाबाईच्या देवळात गर्दीत उभ्या राहून सूर्याची किरणं गाभाऱ्यात कधी पोचतात याची वाट बघत असतील आणि ढग किंवा एखादी उंच इमारत मध्ये आली म्हणून हळहळत असतील. इथं सूर्य आणि त्यांच्या मध्ये काहीही नसणार. मला वाटतं, त्यांना ही सहल एवढ्यासाठीच लक्षात राहील. जानेवारीतला किरणोत्सव महिनाअखेरीस सुरू होतो, तेव्हा परतीच्या तारखा एकदा जुळवून बघा.

बोट लागायची भीती असेल तर जानेवारीत अरबी समुद्र पावसाळ्याच्या मानानं पुष्कळ शांत असतो. तरी आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा, जहाजाच्या मधल्या भागात बसा, नजर दूर क्षितिजावर ठेवा. गाडी लागू नये म्हणून आपण देतो त्या गोळ्यांनी झोप येते आणि बीपीच्या औषधांबरोबर त्या द्यायच्या का, हे तुमच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

उतरण्यासाठी शेवटच्या दिवशीच रिसेप्शनला सांगून व्हीलचेअर नोंदवा. फुकट म्हणून नव्हे, गरज म्हणून. धक्क्यावर लावलेला उतरता जिना किंवा रॅम्प चढउताराचा असतो आणि रांगेत उभं राहावं लागतं. सासूबाई म्हणतील, मी काय म्हातारी झाले का. म्हणू देत. त्यांना सांगा की व्हीलचेअरबरोबर घरच्यांनाही लवकर सोडतात. बऱ्याचदा ते खरंही असतं.

खोली आवरणाऱ्या मुलाला काही द्यायचं का? आधी बिलात सर्व्हिस चार्ज लागलाय का ते बघा. लागला असेल तर वेगळं देणं सक्तीचं नाही. पण ही मुलं-मुली सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर असतात, त्यांना आठवड्याची सुटी नसते. तुम्ही सकाळी उतरलात की त्याच दुपारी नवे प्रवासी चढतात आणि तेवढ्या वेळात सगळ्या खोल्या त्यांनाच तयार करायच्या असतात. शेवटच्या सकाळी आठच्या सुमारास खोली सोडायला सांगतात, ते यासाठी. तेव्हा पाकिटात काहीतरी घालून आदल्या रात्रीच हातात द्या, सकाळी तो सापडणार नाही. द्यायला मुलाला पाठवा, त्यालाही कळू दे.

शेवटच्या सकाळी साडेपाचला उठवा, ज्यांना उठायचंय त्यांनाच. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे जहाज बंदरात शिरेल ते अंधारात. उजव्या हाताला खांदेरीच्या दीपगृहाचा झोत फिरताना दिसेल. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तो उभा केला. आपल्या पन्हाळ्याबरोबरच २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. मुलाला हे तिथं उभं राहून सांगा. थोडं पुढं डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकाजवळ प्राँग्ज दीपगृह, १८७५ चं. मग डावीकडं गेटवे आणि ताज, उजवीकडं घारापुरी, आणि उजाडता उजाडता बॅलार्ड पिअर. जहाज आत येण्यापूर्वी एक छोटी बोट शेजारी येते आणि तिच्यातून बंदराचा पायलट दोरीच्या शिडीनं चालत्या जहाजावर चढतो. ते बघायला मिळालं तर तुमचा मुलगा बाकीचे सगळे गेम्स विसरेल.

आणि आता कोयना. वहिनी, ते तिकीट रद्द करा. जहाज सातला लागतं म्हणजे तुम्ही सातला उतरता असं नाही. जहाज बांधायचं, बंदराची परवानगी, मग टॅगच्या क्रमानं एकेक गट. त्यानंतर टर्मिनलमध्ये बॅगा शोधायच्या, टॅक्सी बघायची. कोयना सीएसएमटीहून पावणेनऊच्या आतच सुटते. स्टेशन तिथून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर आहे, पण अंतराचा इथं काही उपयोग नाही. मिस्टर म्हणतील, पळत जाऊ. ७२ वर्षांच्या बाईला आणि पाच जणांच्या बॅगांना घेऊन कुणी पळत नाही.

रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट काढा. ती आठ-साडेआठच्या सुमारास सुटते आणि सकाळी कोल्हापुरात पोचवते. दिवसभर बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका (कुलूप लावलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर घेत नाहीत), जवळच वस्तुसंग्रहालय आहे तिथं सावलीत हिंडा, सासूबाईंना कुठंतरी नीट जेवायला बसवा. उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटेल, बाथरूममध्ये, लिफ्टमध्ये जास्त. पायांना जहाजाची सवय झालेली असते, बहुतेकांचं ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जातं. सासूबाईंचा हात मात्र त्या दिवशी कुणीतरी धरलेला असू द्या. याच कारणानं, कुणी ऐनवेळी भाड्याची गाडी घेऊन मीच चालवतो म्हणालं तर नाही म्हणा.

तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा एकट्या किंवा दोन पात्र प्रवाशांच्या तिकिटालाच लागू होतो. पाच जणांच्या एकत्र तिकिटात तो मिळत नाही. तेव्हा सासूबाईंचं तिकीट त्या कोट्यातून वेगळं, एकटीचं काढा आणि बाकी चौघांचं दुसरं. डबा वेगळा आला तर गाडीत टीसीला सांगून मुलीला त्यांच्याजवळ आणता येतं का बघा, किंवा मिस्टरांनाच तिकडं पाठवा.